खानापूरच्या परड्यात येणारा फिकट बदामी पक्षी कोणता?

ताई, आधी थेट उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या परड्यात येणारा हा फिकट पक्षी लालबुड्या बुलबुलच आहे. तो भीमगडच्या रानातून खाली उतरलेला दुर्मीळ पक्षी नाही आणि कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षीही नाही. त्याच्या पिसांतलं काळं रंगद्रव्य पुरतं तयार होत नाही, म्हणून तो असा दिसतो. आणि तो नर नसून बहुधा मादी आहे. बुलबुलात नर-मादी दिसायला सारखेच असतात, तरी मी असं का म्हणतो ते पुढे येईलच.

इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. ताईंचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ, जांबोटीच्या रस्त्याला. परड्यात चिक्कू, पेरू, फणस. कट्ट्यावर मातीचं पसरट भांडं ठेवून त्यात पिकलेली पपई, केळं आणि तांदळाची कणी घालतात. एप्रिलच्या अखेरीपासून तिथे बुलबुलाएवढा एक पक्षी येतो. अंग फिकट बदामी, पंख जवळजवळ पांढरे, डोकं तपकिरी आणि शेपटीखाली लाल. मुलाने मोबाईलच्या ॲपला फोटो दाखवले तर प्रत्येक फोटोला वेगळं नाव आलं. शेजारचे काका म्हणतात, हा जंगलातला पक्षी, पाण्यासाठी गावात आलाय. आणखी कुणी सुचवलं, पकडून ठेवा, असला पक्षी पुन्हा मिळायचा नाही. ताईंनी खिडकीच्या जाळीतून काढलेले चार फोटो पाठवलेत आणि विचारलंय की हा कोण, आजारी आहे का, बाकीचे पक्षी त्याला मारतील का, आणि खायला काय घालावं.

असा वेगळ्याच रंगाचा पक्षी समोर आला की आपण रंगावरच अडकतो आणि पुस्तकात त्या रंगाचा पक्षी शोधत बसतो. मी उलट सांगेन. रंग सर्वात शेवटी बघा. चोच, बांधा, शेपटीची लांबी, बसण्याची ढब, सोबत कोण आहे, आवाज कसा आहे, हे सगळं रंगाशिवाय तपासता येतं आणि रंग बिघडला तरी यातलं काही बदलत नाही. ॲप गोंधळलं ते याचमुळे. ते फोटोतल्या रंगांच्या ठेवणीवर फार विसंबून असतं, आणि इथे नेमकी ती ठेवणच विस्कटली आहे.

तरी रंगाबद्दल एक तपासणी आधी करावी लागते, ती कॅमेऱ्याची. दुपारच्या उन्हात, जाळीतून, पांढऱ्या भिंतीसमोर काढलेल्या फोटोत साधी चिमणीही फिकट येते. तुमच्या दुसऱ्या फोटोत मात्र त्याच भांड्यावर, त्याच उन्हात, हातभर अंतरावर नेहमीचा बुलबुल बसलाय आणि त्याचं डोकं चांगलं काळंभोर आलंय. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. फोटोत तुलनेला ओळखीचा पक्षी असणं किती मोलाचं असतं ते बघा. तुम्ही मुद्दाम काढला नसेल, पण चारातला सगळ्यात कामाचा फोटो तोच.

आता बांध्याकडे येऊ. दोन्ही पक्षी एका मापाचे, साधारण वीस सेंटीमीटर. चोच बारीक, मध्यम लांबीची, टोकाशी किंचित खाली वळलेली. ही दाणे फोडणाऱ्या पक्ष्याची जाड तिकोनी चोच नव्हे. डोक्यावर आखूड तुरा, मागच्या बाजूला थोडा उठलेला. फोटोत कणी तशीच पडलेली दिसते, पपई मात्र टोचून खाल्लेली आहे. शेपटीचं टोक पांढरं, पाठीचा शेवट शेपटीच्या मुळाशी पांढरा, आणि बुडाशी तो ठसठशीत लाल ठिपका. शेपटीचं पांढरं टोक आणि मुळाशी पांढरा पट्टा ही लालबुड्याची नेहमीचीच खूण, बिघाडातून आलेली नव्हे.

आपल्या भागात बुलबुल पुष्कळ जातींचे आहेत, म्हणून काकांची शंका अगदीच निराधार नव्हती. शिपाई बुलबुल तुमच्याकडे नक्की येत असणार. त्याचा तुरा उंच, टोकदार, गाल पांढरे आणि डोळ्यामागे लाल ठिपका. त्याच्याही बुडाशी लाल असतं, त्यामुळे त्याच्यावर शंका घ्यायलाच हवी होती. पण त्याच्या पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा नसतो आणि तुऱ्याचा आकार तर लांबूनही लपत नाही. पांढऱ्या भुवईचा बुलबुल अंगाने फिकट, शेवाळी छटेचा. तो झुडपी, कोरड्या भागातला, आवाज मोठा पण स्वतः झुडपात दडून राहणारा, आणि त्याचं बूड पिवळसर. कणकुंबी, चोर्ल्याकडच्या घनदाट रानात काळ्या डोक्याचा, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल दिसतो, तोच गोव्याचा राज्यपक्षी. तिथेच पिवळ्या भुवईचा आणि राखी डोक्याचा बुलबुलही आहे. यांतला कुठलाही परड्यात येऊन पपई खाताना दिसला तर मला जरूर कळवा, पण बदामी अंग आणि लाल बूड ही जोडी यांतल्या कुणाचीच नाही. दोन बुलबुलांचा संकर असता तर दोघांच्या खुणांची सरमिसळ दिसली असती, पांढरा गाल, उंच तुरा असं काहीतरी. इथे सरमिसळ काहीच नाही. एकाच जातीच्या सगळ्या खुणा जागच्या जागी आहेत, फक्त काळं ते तपकिरी आणि तपकिरी ते बदामी झालंय.

मग लाल तसाच कसा राहिला? ओळखीची किल्ली इथेच आहे. पक्ष्याच्या पिसांत रंग एकाच वाटेने येत नाही. काळा, करडा, तपकिरी, तांबूस हे रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचे, आणि मेलॅनिन पक्ष्याच्या शरीरातच तयार होतं. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग बहुतेक वेळा कॅरोटिनॉइड या दुसऱ्या रंगद्रव्यांचे, आणि ते खाल्लेल्या फळांतून, किड्यांतून येतात. मेलॅनिनचं काम बिघडलं तरी कॅरोटिनॉइडची वाट मोकळीच असते. म्हणून पांढरा पडलेला लालबुड्याही बुडाशी लालच राहतो. अशा पक्ष्याच्या अंगावर जो लाल किंवा पिवळा भाग शिल्लक असेल, तो कुठे आहे ते आधी बघा. अर्धी ओळख तिथेच पटते.

आता बिघाड कुठल्या प्रकारचा? लोक सरसकट ‘अल्बिनो’ म्हणतात. अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन कुठेच नसतं, डोळ्यांतसुद्धा नाही, त्यामुळे डोळे गुलाबी-लाल दिसतात, नजर अधू असते आणि असा पक्षी रानात फार दिवस टिकत नाही. तुमच्या पक्ष्याचे डोळे चारही फोटोंत काळे आहेत, म्हणजे ही शक्यता गेली. दुसरा प्रकार ल्युसिझम. त्यात रंग भरणाऱ्या पेशी काही पिसांपर्यंत किंवा सगळ्याच पिसांपर्यंत पोचत नाहीत. ते पीस उगवतं तेच पांढरंशुभ्र, बाकीची पिसं नेहमीच्या रंगाची. एखाद्या कावळ्याच्या किंवा साळुंकीच्या पंखात दोनचार पांढरी पिसं दिसतात, ती यातून येऊ शकतात. वाढत्या वयात दर पीसबदलीला पांढरी पिसं वाढत जाणं हाही वेगळा प्रकार आहे, आणि बऱ्याच पक्ष्यांत तोच जास्त आढळतो.

तुमच्या पक्ष्यात पांढरं ठिकठिकाणी तुटक नाही. सगळ्याच अंगाचा रंग एका पायरीने उतरलाय. इथे मला तिसऱ्या फोटोने उत्तर दिलं. पपईकडे झुकताना डावा पंख अर्धा उघडलाय. फोटो मोठा करून उडायच्या लांब पिसांकडे बघा. प्रत्येक पिसाला मधोमध दांडा असतो. पंख मिटल्यावर दांड्याची बाहेरची बाजू उघडी राहते आणि आतली बाजू शेजारच्या पिसाखाली झाकली जाते. या पक्ष्याच्या पिसांत बाहेरची बाजू आणि टोक जवळजवळ साईच्या रंगाचं आहे, आणि त्याच पिसाची झाकलेली बाजू सरळ तपकिरी आहे. एकाच पिसात, दांड्याच्या अल्याड-पल्याड, दोन रंग. शेपटीतही तेच. मिटलेल्या शेपटीत मधली दोन पिसं सगळ्यांच्या वर असतात, तीच सर्वात फिकट. खालच्या बाजूच्या पिसांत तपकिरी टिकून आहे.

ल्युसिझम असता तर झाकलेला भागही पांढराच असता. हा रंग उन्हाने उडालेला आहे. दोरीवर महिनोन्‌महिने राहिलेल्या काळ्या सुती कापडाची वरची बाजू विटते आणि घडीतली तशीच राहते, तसंच हे. साध्या बुलबुलाच्या काळ्या मेलॅनिनवर उन्हाचा इतका परिणाम होत नाही. पण एका आनुवंशिक बिघाडात हे मेलॅनिन अर्धवट तयार होतं, काळं व्हायच्या ऐवजी तपकिरी राहतं, आणि हे अर्धवट मेलॅनिन उन्हात झपाट्याने विटतं. पक्षीशास्त्रात या बिघाडाला ‘तपकिरी’ असंच साधं नाव आहे. डोकं अजून बऱ्यापैकी तपकिरी आहे आणि पंख, पाठ, म्हणजे दिवसभर ऊन खाणारे भाग, पांढुरके पडलेत, हेही याच्याशी जुळतं.

आणि मादी का, तेही इथेच सुटतं. हा दोष लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो आणि तो अप्रकट स्वरूपाचा आहे, म्हणजे जोडीला एक चांगली प्रत असली तर तो झाकला जातो. माणसात पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं. पक्ष्यांत उलट: नराकडे दोन झेड, मादीकडे एकच झेड. नराला हा रंग यायचा तर आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत मिळायला हवी, रानात असं क्वचितच जुळतं. मादीला मात्र बापाकडून आलेली एक सदोष प्रत पुरते. त्यामुळे मोकळ्या रानात दिसणारे असे तपकिरी पक्षी बहुतेक माद्याच असतात. ताई, एक फोटो, एक अर्धा उघडलेला पंख, आणि त्यातून तिच्या बापापर्यंत पोचता येतं. त्याच्या अंगावर हा दोष दिसतही नसेल. मला पक्षी बघण्यातलं हे सगळ्यात आवडतं.

आता तुमच्या बाकीच्या शंका. ती आजारी नाही. आजारी पक्षी पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून एका जागी बसतो, भांड्यापासून हलत नाही. चोचीच्या मुळाशी किंवा पायांवर गाठी दिसल्या तर पक्ष्यांच्या देवी या रोगाची शंका घ्यावी. तिच्या फोटोंत असं काही नाही. तुम्ही लिहिलंय की ती मांजर दिसलं की तुरा उभारून इतरांबरोबर ओरडते. हे धडधाकट बुलबुलाचं लक्षण आहे. अडचण दोन गोष्टींची राहील. मेलॅनिन पिसाला नुसता रंग देत नाही, बळकटीही देतं. तिची पिसं इतरांपेक्षा लवकर झिजतील, पंखांची टोकं आत्ताच फाटकी दिसतात. दुसरं म्हणजे हिरव्या झाडीत ती उठून दिसते, शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या नजरेत लवकर भरेल. भांडं उघड्या कट्ट्याच्या मधोमध न ठेवता चिक्कूच्या फांदीपासून चार-पाच पावलांवर ठेवा. झेप घेऊन पानांत शिरता यावं इतकं जवळ, पण मांजर दबा धरून बसेल इतकं जवळ नको.

बाकीचे बुलबुल तिला मारतील असं वाटत नाही. ते तिच्यासोबत येतात, एका भांड्यात खातात, हुसकावत नाहीत. उलट हे तिच्या ओळखीचं आणखी एक प्रमाण झालं. आवाजही ऐकून बघा. लालबुड्याची दोन-तीन सुरांची आखूड, खणखणीत हाक तुम्हाला रोज ऐकून माहीत आहे. तिच्या तोंडून तीच येईल. मोबाईलच्या ॲपला फोटोऐवजी आवाज ऐकवा, बरोबर नाव यायची शक्यता जास्त.

पकडायचं मात्र मनातही आणू नका, आणि जो सुचवतोय त्यालाही स्पष्ट सांगा. बुलबुल पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, सध्या विणीचे दिवस आहेत. तिचं घरटं जवळपासच्या एखाद्या झुडपात असू शकतं, दोन-तीन अंडी किंवा पिल्लं त्यात असतील.

खाण्याबद्दल: पपई, केळं, चिक्कू, पेरू उत्तम. कणी बुलबुलासाठी फारशी उपयोगाची नाही, ती चिमण्या आणि मुनियांसाठी वेगळ्या भांड्यात ठेवा, राळे किंवा बाजरी असेल तर आणखी चांगलं. फरसाण, बिस्किटं, पाव, मिठाचं उरलेलं अन्न अजिबात नको. निकस खाण्यावर वाढलेल्या पिल्लांच्या पिसांतही रंग कमी भरतो, पीस ठिसूळ होतं. तुमच्या पक्ष्याचं कारण ते नाही, पण तिची पिल्लं तुमच्याच कट्ट्यावर खायला शिकणार आहेत. फळ संध्याकाळपर्यंत ठेवू नका, वळवाचा पाऊस पडून गेला की तासाभरात आंबतं. पाण्याचं भांडं रोज घासून भरा.

असे विचित्र दिसणारे पाहुणे तुम्हाला वर्षभर भेटतील, आणि प्रत्येक वेळी कारण बिघाडच असेल असं नाही. जून ते सप्टेंबर पिल्लांचा काळ. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला डोळ्यामागचा लाल ठिपका नसतो, बूड फिकट नारिंगी असतं, आणि लोक हमखास ‘नवीन बुलबुल’ म्हणून फोटो पाठवतात. कावळ्यामागे चोच वासून फिरणारं ठिपक्यांचं काळं पिल्लू दिसलं तर ते कोकिळेचं. पावसाळा सरता सरता डोक्यावरची सगळी पिसं गळून पिवळी कातडी दिसणारी साळुंकी येते. ती भयानक दिसते, पण पीसबदल किंवा पिसांतल्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांमुळे तसं होतं आणि बहुधा नवी पिसं येतात. थंडीत काटेसावर, पांगारा फुलले की साळुंकीचं आणि बुलबुलाचं कपाळ परागाने पिवळं, केशरी होतं. दोन दिवसांनी तोच पक्षी परत साधा दिसतो. गोकाक, अथणीकडच्या ज्वारीच्या रानांत हिवाळ्यात भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे उतरतात, त्यांतली कोवळी पोरं मातकट, फिकट असतात. त्यातलं एखादं चुकून परड्यात आलं तर तुमच्या या पक्ष्याशी गल्लत होऊ शकते, पण त्याची चोच पिवळसर आणि चाल साळुंकीची. खानापूरच्या जंगलाच्या कडेला पांढऱ्या डोक्याची मैना असते, तिचं डोकं जन्मजात पांढरं, पोट तांबूस. पिंजऱ्यातून सुटलेले पक्षी निराळे ओळखू येतात: माणसाला बुजत नाहीत, शेपटीची पिसं तुटकी असतात, कधी पायात कडी असते.

आणि गळ्याला पिवळा ठिपका असलेली ‘चिमणी’ दिसली तर नीट बघा. ती रानचिमणी. मुंबईत लहानग्या सलीम अलींनी असलीच एक अनोळखी चिमणी मारून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ओळखायला नेली आणि तिथून त्यांचं पक्ष्यांचं वेड सुरू झालं. आपल्याकडे आमराईत, जुन्या झाडांच्या ढोलीत ती घरटं करते.

तुमच्या बुलबुलाची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर करा. नाव लालबुड्या बुलबुल असंच घाला, ‘अज्ञात’ नको, आणि टिपणात रंगातला फरक, डोळ्यांचा रंग आणि पंखाचा फोटो जोडा. विणीनंतर, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, ती सगळी पिसं बदलेल. माझं निदान बरोबर असेल तर तेव्हा तीच मादी तुम्हाला बरीच गडद, चॉकलेटी दिसेल, इतकी की आपली ओळखीची बदामी पाहुणी गेली असं वाटेल. दिवाळीच्या सुमारास पुन्हा फोटो काढा, एक मिटलेल्या पंखाचा आणि एक उघडलेल्या पंखाचा, शक्यतो सकाळच्या सावलीत आणि शेजारी साधा बुलबुल असताना. नवीन पिसंही उगवतानाच पांढरी निघाली, तर हा ल्युसिझम ठरेल आणि ती मादीच असल्याचा माझा अंदाजही मागे घ्यावा लागेल. पक्षी मात्र दोन्ही वेळा लालबुड्याच.